तिसरी हाक

नदीत मासे धरणाऱ्या धिवरांच्या त्या वस्तीत एक रीत आहे. दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. भुताला दोनच हाकांची मुभा असते, तिसरी हाक मारतो तो माणूस, असं जुने लोक सांगतात. तिसरी कानावर आली की मगच तोंड उघडायचं. जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं, माणसं धरणाच्या खालच्या अंगाला नव्या घरांत आली, देव ट्रॅक्टरमध्ये मांडीवर घेऊन आणले. त्या देवांबरोबर ही रीतही आली.

खुशबू तिला हसायची. तेवीस वर्षांची पोरगी, आसगावला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला जाणारी. "एवढ्या तीन हाकांत तर बस निघून जाते," म्हणायची. तिची माय गोदावरीबाई देवापुढची वात सारखी करता करता म्हणायची, "जाऊ दे बस. बस दुसरी येते, जीव दुसरा येत नाही."

खुशबूचा थोरला भाऊ कैलाश मात्र कधी हसला नाही. उलट त्यानं ती रीत आपल्या कामात घातली.

झालं असं की धरणाचे दरवाजे उघडले की भोंगा वाजतो, पण वारा फिरला की तो वस्तीपर्यंत पोचत नाही, आणि नदीत डोंगे, वस्तीतल्यांच्या लाकडी होड्या, असतात. कैलाशनं पंचायतीच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर पायथन भाषेत एक प्रोग्राम लिहिला. पाणी सुटल्याचा निरोप फोनवर आला की प्रोग्रामनं तो वाचायचा आणि वरचा घाट, मधला घाट, डोहाचा घाट, तिन्हीकडच्या कर्ण्यांतून पुकारा करायचा. पुकारा त्याच्याच आवाजात भरलेला होता, "हो रे हो! पाणी सुटलं, वर या!" आणि तो तीनदा वाजायचा. एकदा वाजून भागणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. धिवर एका हाकेला वल्हं उचलत नाही.

खुशबूला पायथन त्यानंच शिकवलं, ओसरीत, मायनं भाजलेले शेंगदाणे खात खात.

"हे पाय," तो म्हणाला होता, "सगळ्यात वर एक क्लास, म्हंजे साचा, त्याचं नाव घाट. घाटाले एक काम येते, हाक मारायचं. हे तीन घाट त्याची लेकरं. लेकरांत मी काहीच नाही लिहिलं. तरी त्यायले हाक मारता येते. काहून?"

"बापाले येते म्हणून."

"बरोबर. तुले डोंगा कोण शिकवला? बाबाजवळ होता, तुझ्यात आला. आता तुले तुझी येगळी रीत पायजे असन, तर लेकराच्या क्लासात त्याच नावाचं काम पुन्हा लिहायचं. मग तुझीच रीत चालते, बापाची दबते."

"मिटते?"

"मिटत नाही वं. दबते. खाली असते ती."

मागच्या चैत्रात कावीळ झाली आणि अकरा दिवसांत कैलाश गेला. वय एकोणतीस.

पावसाळा लागला, आषाढात पहिल्यांदा दरवाजे उघडले, आणि संध्याकाळी तीन घाटांवरून मेलेल्या कैलाशनं हाक मारली. तिन्ही कर्णे एकाच वेळी वाजत नसत, क्षणभर मागंपुढं व्हायचे. त्यामुळे असं वाटायचं की कोणीतरी नदीच्या काठाकाठानं चालत, बोलावत येतंय. कुत्री दाराशी येऊन बसली. बाया घागरी तिथंच ठेवून परतल्या. गोदावरीबाई मात्र उंबऱ्यात उभी राहिली. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीला ती म्हणाली, "आली रे बाप्पा." आणि आत जाऊन तिनं ताटात भाताची एक मूद जास्त वाढली. मग दर वेळी वाढू लागली. सकाळी ते ताट स्वच्छ असायचं. मांजर असेल. पण त्या घरात मांजर कधी कोणी पाहिली नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं जमली. वस्तीतला वडीलधारा गोमाजी बोलला.

"पोरी, तुझा भाऊ चांगला होता. पण मेलेल्या माणसानं नदीवर पुकारू नये. बाया पाण्याले जायच्या बंद झाल्या."

"काकाजी, तो नदीत नाही बोलवत. वर या म्हणते."

"हो, पण कुठं वर?" गोमाजी म्हणाला. कोणी हसलं नाही. मग गोमाजीच म्हणाला, "आवाज काढून टाक, बाई. तुझ्या आवाजात बोल. जिता माणूस बोलला म्हणजे झालं."

खुशबूचा बाप धनीराम पाराच्या कडेला जाळ्याची गाठ सोडवत बसला होता. गोदावरीबाई उठून घरी गेली.

खुशबू पंचायतीच्या खोलीत बसली. घाट नावाचा क्लास उघडला. त्यात कैलाशची हाक होती, चार ओळींची. त्या चार ओळी पुसायला तिचा हात धजेना. भावाचा आवाज आता जगात तेवढाच उरला होता. तिला त्याचंच बोलणं आठवलं, मिटत नाही, दबते. मग तिनं घाटाला हात लावला नाही. तिन्ही लेकरांत हाक नावाचं काम नव्यानं लिहिलं, आपल्या आवाजात पुकारा भरला, चालू असलेला प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. दुपारी दोन वाजता सगळ्यांसमोर वाजवून दाखवला. "हो रे हो! पाणी सुटलं, वर या!" गोमाजीनं मान डोलावली. "हे झ्याक."

भर दुपारी, डोळ्यांसमोर उभं राहून हाका कोण मोजतो?

त्या संध्याकाळी गोदावरीबाईनं ताट वाढलं नाही. पण ताट मांडून ठेवलं, रिकामं.

सोळा दिवस दरवाजे उघडले नाहीत. बैलपोळा झाला, गणपती बसायला दोन दिवस होते. आभाळ भरलेलं, वारा उलटा, धरणाच्या भोंग्याचा मागमूस नाही. धनीराम जाळं घेऊन डोहाकडे गेलेला. खुशबू आसगावहून येऊन पाय धुते तोच कर्णे वाजले. तिचाच आवाज, तीन ठिकाणांहून, तिलाच बोलावणारा. आपला आवाज असा बाहेरून ऐकला की तो आपला वाटत नाही, आपलं सोंग घेतलेल्या कोणाचा तरी वाटतो.

आवाज थांबला. गोदावरीबाई उंबऱ्यात उभी होती. थांबलेली. कान देऊन.

"काय झालं, माय?"

"बाकीच्या दोन कुठं हायेत?"

"कोणत्या दोन?"

"हाका वं. एकच झाली. मी ओ नाही देली." मग तिचा चेहरा उतरला. "तुझा बाबा कसा देईन?"

तिनं आवाज बदलला असं तिला वाटलं होतं. पण लेकराच्या क्लासात काम नव्यानं लिहिलं की बापाचं काम सगळंच दबतं, त्यातलं चांगलंही. तीनदा वाजवायचं कैलाशच्या ओळींत होतं. तिच्या ओळींत ते नव्हतं. तिकडे डोहावर, काळोख पडता पडता, धनीरामनं आपल्या पोरीची एक हाक ऐकली असणार. घरी असलेली पोरगी नदीवर कशी बोलावते? तो वल्हं टाकून गप्प बसला असणार, तिसरीची वाट बघत. आणि वरून पाणी निघालेलं.

ती पंचायतीच्या खोलीकडे धावली. डोहाच्या घाटातली आपली हाक काढून टाकली, म्हणजे लेकराजवळ काही उरणार नाही आणि बापाची, कैलाशची हाक, वर येईल. फाइल जतन केली. तेवढ्यात मायचा आवाज, "खुशबू, नदी गढूळ झाली वं!" ती उठून तशीच डोहाकडे पळाली. काट्याकुट्यातून, चपला हातात.

अर्ध्या वाटेवर असताना दरवाजे आणखी उघडल्याचा निरोप आला असावा, कारण कर्णे पुन्हा वाजले. वरच्या घाटावर ती. मधल्या घाटावर ती. आणि डोहावर कैलाश.

"हो रे हो! पाणी सुटलं, वर या!"

सोळा दिवस दबलेला आवाज. खुशबू जागच्या जागी थांबली. दुसरी हाक झाली. तिसरी झाली तशी ती पुन्हा धावली. काठावर पोचली तेव्हा धनीराम डोंगा चिखलात ओढत होता. त्याच्या मागं डोहाचं पाणी फुगून, फिरून, फांद्या घेऊन आलं आणि तो होता ती जागा गिळून गेलं.

"बाबा, हाक ऐकू नाही आली तुमाले?"

"आली ना. तुझी आली." धनीरामनं धाप टाकली. "मनलं, पोट्टी तर घरी हाये. हे दुसरंच कोणी. बसलो चूप."

"मग?"

"मग कैलाशनं हाक मारली. एक. दोन. तुझी एक अन् त्याच्या दोन, तीन झाल्या. निघालो." असं म्हणून तो डोंग्याला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "आवाज चांगला होता लेकाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ, दिवाबत्ती करून खुशबू पंचायतीच्या खोलीत गेली. खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. फाइल बदलून भागत नाही. चालू प्रोग्राम जुन्याच ओळी धरून असतो, त्याला बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. काल धावपळीत तिनं ते केलंच नव्हतं. लाइट गेली असेल, आपोआप सुरू झाला असेल? पडद्यावर सुरू झाल्याची वेळ होती. सतरा दिवसांपूर्वीची, दुपारची. तोच चालू होता, एकदाही न थांबता. त्या प्रोग्रामला डोहावर खुशबूच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज ठाऊक असायला नको होता.

तिनं ते फक्त मायला सांगितलं. गोदावरीबाई तांदूळ निवडत होती.

"कैलाशच त सांगत होता ना, खाली असते म्हणून?" ती म्हणाली. "मग आली वर. जाय, चहा मांड."

खुशबूनं प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. घाटाच्या क्लासात तिनं एकच बदल केला, तीनचे दोन केले. मग तिन्ही लेकरांत हाक लिहिली, पण या वेळी पहिल्या ओळीत सुपर घातलं. म्हणजे आधी वरच्याला बोलवायचं, त्याचं काम होऊ द्यायचं, मग आपलं करायचं. आधी कैलाश दोनदा, मागून ती एकदा.

पारावर तिनं ते सांगितलं तेव्हा गोमाजीनं बोटं दुमडून मोजलं. "दोन त्याच्या. तिसरी तुझी." त्यानं सुपारी गालात सरकवली. "रीतीत बसते, बाई. काही हरकत नाही. गेलेल्याले दोनाची मुभा हायेच."

मग तिनं जुना प्रोग्राम बंद केला. नवा सुरू केला. सुरू झाल्याची वेळ दोनदा वाचली.

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी दरवाजे उघडले. कैलाशनं हाक मारली. बाया घाटावर थांबल्या, पळाल्या नाहीत. त्यानं दुसरी मारली. नदीत चार डोंगे होते, एकही वल्हं हललं नाही. गोदावरीबाई उंबऱ्यात हात जोडून उभी होती, ओठ मिटून. खुशबू तिच्या मागं उभी राहून आपल्याच आवाजाची वाट बघत होती. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये जरा जास्तच वेळ गेला, असं तिला वाटलं.

मग तिसरी आली. चारी वल्ही एकदम पाण्यात पडली.

"आली वं बाई," गोदावरीबाई म्हणाली, आणि ताटं वाढायला आत गेली. खुशबूनं मोजली नाहीत.