माहेरच्या पाच तलंगा

आमच्या शेजारच्या रुखमाबाई साठीच्या आहेत. संग्रामपूरकडून लग्न होऊन खामगावजवळच्या या गावात आल्या, त्याला बेचाळीस वर्षं झाली. घरच्या शेतात त्यांनी जन्मभर कापूस वेचला, पण कुठल्या वस्तूला 'माझी' म्हणताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. गेल्या जुलैत त्यांची आई वारली. तेरावं करून परतताना आईच्या कोंबड्यांची अंडी त्यांनी भुशाच्या डब्यातून आणली आणि कुणाची तरी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी मागून तिच्याखाली ठेवली. त्यातली सहा पिल्लं जगली. पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर यायच्या कोंबड्या, आणि एक कोंबडा.

"माहेराचं एवढंच राह्यलं, बाई," त्या मला म्हणाल्या.

पिल्लं निघाली ती तारीख, आठ ऑगस्ट, माझ्या डायरीत आहे. शहरातल्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी रोज लिहायची सवय लावली, ती आमचे हे गेल्यावरही सुटली नाही. रुखमाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून हिशेब माझ्याकडे: किती आठवडे झाले, तुरे कधी लाल झाले, पाठीवर हात ठेवला की कोणती तलंग दबून बसते, म्हणजे अंड्यावर आली. जानेवारीच्या मध्यापर्यंत पाचही जणी दबून बसू लागल्या. खुराड्यात मात्र एकही अंडं दिसेना.

त्यांचा मुलगा गणेश कोंबड्यांनी उकरलेल्या अंगणातल्या मेथीवरून आधीच चिडलेला होता. खुराड्याच्या जागी त्याला मोटरसायकलसाठी टिनाचं छप्पर टाकायचं होतं. "अंडं नाही, काही नाही, नुसत्या खाऊन राह्यल्या," असं तो येता-जाता म्हणे. शेवटी त्याने आईला सांगून टाकलं, जानेवारी संपेपर्यंत अंडं दिसलं तर राहू दे, नाही तर बाजार.

रुखमाबाईंनी खुराड्यात गवत घातलं, शिंपले कुटून टाकले, मुंगसाचं बीळ बुजवलं. रोज पहाटे त्या गवत चाचपून बघत आणि आठला वेचणीला जात. सांज झाली की माझ्या ओट्याशी येऊन विचारत, "वही काय म्हणते?" चोविसावा आठवडा, पंचविसावा आठवडा, मी वाचून दाखवी. त्या पलीकडे मला काही सांगता येत नव्हतं. मी तोवर कोंबडी फक्त ताटात पाहिलेली.

पाच फेब्रुवारीला गणेशने सहाही जणांचे पाय बांधून त्यांना बाजारात नेलं. रुखमाबाईंनी त्याला अडवलं नाही. मुदतीची बोली त्यांनी मान्य केली होती.

आठ तारखेला कापूस भरायला गाडी आली. चांगल्या भावासाठी थांबवलेला कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला, दाराला कुलूप, किल्ली गणेशकडे. ढीग उपसता उपसता मागच्या झरोक्याखाली हमालाच्या हाताला काहीतरी गार, गोल लागलं. मग आणखी एक. झरोक्याची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. कापसात वाटीसारखी खोलगट जागा झाली होती आणि तिच्यात एकोणीस अंडी.

हमाल हसले. गणेश म्हणाला, "मले काय माहीत?" आणि गाडीवर चढला.

मी घरी येऊन डायरी उघडली. एकोणीस जानेवारी: अकराला शेजारी कोंबड्या खूप ओरडल्या, मांजर असावं. बावीस जानेवारी: पुन्हा अकराला. चोवीस, पंचवीस, अठ्ठावीस. अंडं घातल्यावर कोंबडी अशी ओरडते, हे या गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. त्या वेळी रुखमाबाई शेतात असत. ऐकणारी मी एकटीच होते, आणि मी ते नीट अक्षरात लिहून ठेवलं. सांगितलं नाही, कारण मांजराचं काय सांगायचं.

मी डायरी घेऊन गेले आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्या बादलीच्या पाण्यात एकेक अंडं सोडून बघत होत्या. बुडालेली, म्हणजे चांगली, तेवढी बाजूला ठेवत होत्या. तळाशी टेकलेली अकरा भरली. ती त्यांनी पुसून भुशाच्या डब्यात ठेवली.

मी विचारलं, एकवीस दिवस आजपासून मोजू का?

"अजून खुडूक कोंबडी कुठं भेटली?" त्या म्हणाल्या. डब्याचं झाकण लावून उठल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "आणि बाई, आता आवाज आला तर लिवत नका बसू. मले सांगजा."