भोंग्याचं वसतिगृह

घरात तिला सगळे भोंगा म्हणत, कारण ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची. विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर ती आत्याला घेऊन वसतिगृहं बघायला गेली.

पहिल्या वसतिगृहात कानठळ्या बसत होत्या. इस्त्रीवरून भांडण चाललं होतं, जिन्यात पाचजणी एकदमच बोलत होत्या. आत्या म्हणाली, "हे तुझ्यासाठीच बांधलंय."

दुसरं वाचनालयामागे होतं. तिथे मुली नुसतं हसून खोलीत शिरत आणि दारसुद्धा हळू लावत.

"मी इथेच राहणार," भोंगा म्हणाली.

"अगं, इथे कुणी मेलं तरी कळायचं नाही."

"तिकडे सगळ्याच बोलणाऱ्या, आत्या. मग ऐकणार कोण?"

पहिला आठवडा तिने जेवणाच्या टेबलावर एकटीने गाजवला. मामाचं मूळव्याधीचं ऑपरेशन तर तिने मीठमसाला लावून दोनदा सांगितलं. मुली चमचा हातात धरून ऐकत राहिल्या. मग कोपऱ्यातली एक किडकिडीत मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या काकांनी गुपचूप दुसरं लग्न केलं. आता दोघी बायका मिळून त्यांना झोडपतात."

त्यानंतर सगळ्यांनाच कंठ फुटला. इतके दिवस फक्त सुरुवात कुणी करायची, हाच प्रश्न होता. महिन्याभरात भोंग्याला बोलायला फटच मिळेना.

तिने आत्याला फोन केला. "इथे मला कुणी बोलूच देत नाही गं."

"वसतिगृह बदलून घे मग."

"वेडी आहेस का? एवढ्या भानगडी मला दुसरीकडे कोण सांगणार?"