सबिहाबाई कड्यावरून चालल्या

तिसगावच्या अंगणवाडीत सबिहाबाईंनी एकतीस वर्षं काढली. पोलिओचे डोस असोत की पोरांची वजनं, कामात त्या कधी मागे हटल्या नाहीत. उंचीला मात्र घाबरायच्या. नऊ वर्षांच्या असताना नव्या विहिरीच्या काठावरून पाय घसरला होता. तळाशी गाळ होता म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्या गच्चीवरसुद्धा जात नसत. धुणं अंगणातच वाळत घालायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांची नात आलिया शाळेतून रडत आली. घसरगुंडीवर चढून ती घाबरून तशीच शिडीने खाली उतरली होती आणि पोरं हसली होती.

"भीती कसली गं?" सबिहाबाईंनी विचारलं.

"दादी, तूपण घाबरतेस ना? मी तुझ्यासारखीच हाय."

हे सबिहाबाईंच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या आणि उतरल्या. पंधरा दिवसांनी गच्चीवर पोचल्या. मग नवऱ्याला, बाबाजानना, म्हणाल्या, "मला करंजी घाटात न्या." बाबाजान घेऊन गेले. दरीच्या कडेला उभं राहताच बाईंना उलटी झाली. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही.

डिसेंबरात त्यांच्याबरोबर काम केलेल्या राजेश्वरीताईंनी कोकणची सहल काढली. तिथे समुद्राच्या कड्यावरून दीपगृहापर्यंत तीन किलोमीटर पायवाट होती.

"तुमी गाडीनं या बाई. वाट लई अरुंद हाय."

"न्हाई. मी चालत येनार. आलियापन येनार."

सकाळी सगळ्या निघाल्या. एका हाताला वाळलेलं गवत, दुसऱ्या हाताला एकदम खाली समुद्र. आलियाला आतल्या बाजूला घेऊन सबिहाबाई चालत होत्या. निम्म्या वाटेवर जांभ्या दगडाची कड ढासळली होती. आलिया थबकली.

"दादी, तुला भीती वाटत न्हाई?"

"वाटती की. हे बघ, पाय कसे थरथरतेत. पन थरथरले तरी चालतेत."

सबिहाबाईंनी चपला काढून पिशवीत टाकल्या, खाली बसल्या आणि सरकत सरकत ती जागा ओलांडली. साडी लाल मातीनं भरली. मागून राजेश्वरीताईंचा हात धरून आलियाही आली.

तासाभराच्या वाटेला त्यांना अडीच तास लागले. दीपगृहापाशी आलिया कट्ट्यावर चढली आणि खाली दिसणाऱ्या होड्या मोजू लागली. सबिहाबाईंनी पहिल्यांदाच समुद्राकडे नीट पाहिलं. पाणी हिरवं होतं, खडकांवर आपटून पांढरं होत होतं.

परत न्यायला गाडी आली होती. दमलेली आलिया तिच्यात बसली. राजेश्वरीताईंनी दार उघडून धरलं.

"बसा बाई."

"तुमी पोरीला घेऊन व्हा म्होरं," सबिहाबाई म्हणाल्या. "येताना सगळं ध्यान पायाकडं हुतं. आता जरा बघत येते."

त्यांनी पदर खोचला आणि कड्याकडे वळल्या.