नववं कार्ड

बुधवार, सकाळी अकरा. घाटघर, समाजमंदिर. हजर: संस्थेचे अध्यक्ष, गावोगाव फिरणाऱ्या नऊ कार्यकर्त्या आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

एवढं माझ्या वहीत आहे. त्या दिवशी मी काय केलं, ते वहीत नाही — आणि आजवर कुणाला सांगितलेलंही नाही. तुम्हाला सांगते आहे.

मी कुठल्याच संस्थेची नोकर नाही. जुन्नर-आंबेगावातल्या छोट्या संस्था मला बोलावतात. बैठक कशी घ्यावी, अहवाल कसा लिहावा, माणसं कशी सांभाळावीत, हे मी शिकवते. माणसं सांभाळायला — मी! रंगीत कार्डं, स्केचपेन, दोरी, चिमटे, सगळं पिशवीत मोजून भरलेलं. आणि तोंडात ती पाठ झालेली गोड वाक्यं: इथं कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. इतक्या वेळा म्हटलंय की आता जीभच म्हणते, मी ऐकतही नाही.

त्या दिवशी मी कार्डं वाटली. म्हटलं, माझ्या कामाबद्दल मनातलं लिहा. नाव घालू नका. कुणी काय लिहिलं ते मी शोधणार नाही. मग एकेक कार्ड मोठ्यानं वाचून दोरीला लावत गेले. कौतुकच कौतुक. अध्यक्षांची मान डोलत होती. नववं हातात आलं. त्यावर होतं — "ताई लई छान बोलत्यात. पन आमचं म्हननं त्यांनी फळ्यावर लिवलं, की ते आमचं राहत नाय."

खरं होतं का? होतं. म्हणून तर झोंबलं. कार्ड मी वहीत सरकवलं.

"ताई, आठच झाली की," मागून एक जण म्हणाली. "नववं वाऱ्यानं न्हेलं का काय? हितला वारा लई चोरटा हाय!"

सगळ्या हसल्या. मी म्हणाले, "ते कोरं होतं."

त्या नऊजणींतली सुमन हसली नाही. ते तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर तिचं होतं — हजेरीपट तीच लिहायची. मी शोधणार नव्हते ना? संस्थेचा हजेरीपट उघडून अक्षर ताडून पाहिलं, त्याच दुपारी.

पुढं संस्थेला एक जागा कमी करायची वेळ आली. अध्यक्षांनी प्रत्येकीबद्दल माझं लेखी मत मागितलं. सुमनपुढं मी लिहिलं — "चिकाटी कमी." कुणाची? वाड्यावस्त्यांवरच्या बायकांचे रेशनकार्डाचे अर्ज घेऊन, साहेब सही करेपर्यंत जुन्नरच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या बाईची! रागाच्या भरात लिहिलं असंही नाही. चहा घेत, शांतपणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं. तिला काढलं.

काही महिन्यांनी ती नारायणगावात गावाकडं निघालेल्या जीपमध्ये बसलेली भेटली. तिथल्या बाजारात टोमॅटो निवडायच्या कामावरून परतत होती.

"ताई! या, सरकते मी, बसा," म्हणाली. आणि मग हळूच, "माझ्यासाठी तुमी लई भांडला आसाल. मला ठाव हाय."

इथं तरी गप्प बसावं की नाही? मी म्हणाले, "भांडले गं. पण ऐकतं कोण?"

उतरताना तिनं माझ्या पिशवीत टोमॅटो घातले. घरी येऊन मी त्यांची चटणी केली. चवीनं खाल्ली. अशी मी.

गेल्या आठवड्यात ती जागा पुन्हा निघाली. सुमननं अर्ज केला आहे. अध्यक्षांनी अर्जाला माझं जुनं मत जोडून तो माझ्याकडेच पाठवला — ताई, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही.

आजच्या यादीत सहा कामं होती. पाचांवर रेघ मारली. सहावं: अध्यक्षांना फोन करून सांगणं, की ते मत खोटं होतं — आणि मी ते का लिहिलं. ते अजून राहिलं आहे.