टोचणीबाईचं दार

कैदी बायका तिला टोचणीबाई म्हणत. तुरुंगात नवी बाई आली, तिचं सामान जमा झालं, की पुढची खोली हिची. बोटातून थेंबभर रक्त, पंधरा मिनिटं बाहेर बाकावर बसणं, मग गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, निकाल. बावीस वर्षं हेच काम. हात इतका हलका की सुई कधी टोचली ते कळायचं नाही. जिभेला मात्र हाड म्हणून नव्हतं. निकाल ती दारात उभी राहून अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असा सांगायची. "हिला गरमी आहे. कुठे शेण खाऊन आलीस गं?" शिपाईबाया खिदळायच्या, शेजारच्या बायका सरकून बसायच्या, आणि बराकीत पोचेपर्यंत त्या बिचारीचा पाण्याचा पेला वेगळा झालेला असायचा. कुणी टोकलंच तर हिचं उत्तर ठरलेलं, लाज वाटली की माणूस सुधारतं.

हीच बाई घरी कशी, तेही ऐका. लेकीच्या पाठीवर नाण्याएवढा पांढरा डाग होता. लग्न उरकेपर्यंत सख्ख्या जावेलाही त्याचा पत्ता लागू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

एके सकाळी चोरीच्या आरोपात आलेली सहा महिन्यांची पोटुशी पोरगी बाकावर बसली होती. तिच्या आधीच्या बाईचा निकाल तिने ऐकला, ते खिदळणं ऐकलं, आणि हात बगलेत दडवले. पण टोचणीबाईने तिचे तळहात आधीच पाहिले होते, गरमीच्या तांबूस ठिपक्यांनी भरलेले. वेळेवर इंजेक्शन दिलं तर पोटातलं वाचतं, नाहीतर तिथेच जातं, हे नव्या नर्सांना हीच शिकवायची.

पोरगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, दार लावून सांगाल का? माझी नणंद इथेच बराकीत आहे. घरी कळलं तर मला नि पोटातल्याला दारात उभं करणार नाहीत."

दार लावायचं म्हणजे चार पावलं चालायचं. तेवढंही हिला जड झालं. "तू कोण महाराणी लागून गेलीस?" म्हणाली, आणि तपासणीला नकार असल्याच्या कागदावर पोरीचा अंगठा घेतला. जबरदस्ती करता येत नाही हा नियम त्या दिवशी बरा आठवला मेलीला. पुढे दोनदा पोरगी दाराशी घुटमळून गेली. दोन्ही वेळा हिने बोटाने रांग दाखवली.

आठव्या महिन्यात मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता.

पाचव्या दिवशी पोरगी आपणहून रांगेत बसली. नंबर आल्यावर बोट पुढे केलं, बाकावर पंधरा मिनिटं थांबली. मग टोचणीबाईने तिला आत बोलावलं, चार पावलं चालून दार लावलं, आणि तिच्या कानाशी वाकून कुजबुजत निकाल सांगितला.

पोरगी उठली आणि तिने दार सताड उघडलं.

"आता मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "आता कुणासाठी दार लावताय?"

बाकावरच्या सगळ्या बायका टोचणीबाईकडे बघत होत्या. टोकाला बसलेल्या एका नव्या बाईने दोन्ही हात बगलेत घातले.