दोन बोटं खाली

गहिनीनाथ एरियलचा कल बाटलीनं मोजायचा. औषधाची चपटी बाटली, अर्धी पाण्यानं भरलेली, एरियलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली. दांडी कलली की बाटली कलायची, पाणी मात्र सपाट राहायचं. काचेवरच्या कोळशाच्या रेघेपासून पाणी किती ढळलं, ते तो बोटांनी मोजायचा. मला कचेरीतून कोनमापक मिळाला होता. मी तो ऐटीत लावून पाहिला, तर दोन्हींचं उत्तर एकच आलं, आणि मला त्याचाच राग आला. राग माझ्या नाकावर असतो, आजही आहे.

बाहत्तर सालच्या दुष्काळात सरकारनं गर्भगिरीच्या एका सोंडेवर तात्पुरतं वायरलेस ठाणं टाकलं होतं. मी ऑपरेटर आणि एरियलचा खांब सांभाळणारा खलाशी गहिनीनाथ, एवढीच तिथली वस्ती. तो तिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. खांबावर चपला घालून चढणं त्याला पटायचं नाही, म्हणून तापलेल्या लोखंडावरही अनवाणीच चढायचा. डोंगराच्या पायथ्याशी खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. तीनशे माणसं, त्यात त्याची बायको चांगुणा. तिला आठवा सरून नववा लागला होता.

त्या कामावरही एक वायरलेस सेट होता. कुणाला दुखलंखुपलं तर तिथल्या कारकुनानं आम्हाला कळवायचं, आम्ही शेवगावची जीप मागवायची. पण साठ-सत्तर किलोमीटरवरचं नगर आम्हाला खणखणीत ऐकू यायचं आणि पायाखालचं काम मात्र मुकं. मी सेटवर खेकसत राहिलो.

"आपलं एरियल लांब बघतंय, सायेब," गहिनीनाथ म्हणाला. "पायाशी कोन हाय ते त्याला दिसत न्हाई."

तो चढला, पेच ढिले केले आणि एरियलचं तोंड दोन बोटं खाली केलं. कारकुनाचा आवाज कानाशी बोलल्यासारखा आला. मी शाबासकी दिली नाही, चहा दिला.

खालच्या सेटची बॅटरी रोज दुपारी आमच्याकडे चार्जिंगला यायची. खाजाभाई नावाचा कामावरचा गडी ती खांद्यावर घेऊन दोन तास डोंगर चढायचा. म्हणजे दहा ते चारपर्यंत खालचा सेट नुसता बंद पेटारा. तिसऱ्या दिवशी भर बाराला, खाजाभाई समोर बसलेला, बॅटरी त्याच्या पायाशी, आणि आमच्या सेटमधून खडी फुटायला लागली. दोन हलके ठोके, एक जड. दोन हलके, एक जड.

"चांगुना हाय," गहिनीनाथ म्हणाला. "डावखुरी हाय ती. असंच मारती."

दुसरं कुठलं तरी स्टेशन घुसलं असेल, असं मी म्हणालो. खाजाभाईनं एकदा बॅटरीकडे पाहिलं आणि पाणी न पिताच बाहेर जाऊन बसला.

मग ते रोजचंच झालं. गहिनीनाथ सेटपाशी बसून भाकरी खायचा. मध्येच ठोके थांबायचे आणि कुणीतरी श्वास घेतल्यासारखं खसखसायचं. "दमली," तो म्हणायचा आणि ठोके पुन्हा सुरू होईपर्यंत घास हातातच धरून बसायचा. मी आवाजाचं बटण अगदी बारीक केलं, तरी ते ऐकू यायचंच. माझी झोप उडाली. माझ्यासारखा शिकलेला माणूस उन्हाच्या वेळी एका पेटीला भ्यायला लागला होता.

एके दिवशी नगरचा ऑपरेटर सहज बोलून गेला की तुमचा आवाज थोडा बारीक येतोय. मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गहिनीनाथला सांगितलं, एरियल सरळ कर, वरचा हुकूम आहे.

"ऱ्हाऊ द्या चार दिस," तो म्हणाला. "तिचे दिस भरत आल्यात. खालनं निरोप आला तर आयकू तरी यील."

"हुकूम म्हणजे हुकूम."

हुकूम कुणाचाच नव्हता. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानं एरियल सरळ केलं. सेट गप्प झाला, आणि मला बरं वाटलं. बारा वाजले, खाजाभाई आला नाही. पडला असेल कुठं झाडाखाली, असं मी म्हटलं. गहिनीनाथनं भाकरी सोडलीच नाही. दीड वाजता तो उठला आणि मला न विचारता खांबावर चढला. मी खालून नोकरीची धमकी दिली. त्यानं पेच ढिले करून एरियल दोन बोटं वाकवलं.

सेटमध्ये ठोके नव्हते. एका बाईचा आवाज आला, अगदी जवळून, स्वच्छ.

"गहिनीनाथ."

थोडं थांबून पुन्हा एकदा, तसाच. मग नुसती खरखर.

तो एकेक पाय टेकवत खाली उतरला. मला मात्र हायसं वाटलं होतं. म्हटलं, बोलली बघ, बरी आहे ती, चल लवकर. त्यानं मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि आम्ही डोंगर उतरायला लागलो.

अर्ध्या वाटेत खाजाभाई भेटला, घामानं निथळत, खांद्यावर बॅटरी नव्हती.

"कारकून नऊपासनं वरडतोय, तुमी जाब का देईना?" तो म्हणाला. "पार साडेबाराला बॅटरी बसली, तवा मी निगालो. चांगुनाबाई अडलीय. डोंगराकडं तोंड करून सारकी म्हनती, अवो, आयकताय न्हवं. अजून हाय ती. गाडी मागवा."

मी वळून वर पळायला लागलो. गहिनीनाथनं माझं मनगट धरलं.

"नगं, सायेब," तो म्हणाला. "बायकू जिती असंस्तवर नवऱ्याचं नाव घेत न्हाई."

त्यानं माझा हात सोडला आणि नेहमीच्या चालीनं खाली उतरायला लागला.