होडीतली ओटी

"रडूक सगळो जल्म आसा, दाजी, पयली ओटी एकदाच भरतत."

हौसाबाई हे म्हणाली तेव्हा ती घरापुढच्या खळ्यात बसून माडाच्या झावळ्यांची चुडतं विणत होती आणि दाजी तांडेल टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभा होता. सत्तावन्न सालचा फाल्गुन होता. दाजीचं गलबत मंगळुरी कौलं भरून मुंबईला निघालं होतं. कारवार ओलांडल्यावर शीड फिरवताना आडव्या वाशाचा फटका बसला आणि हौसाबाईचा एकुलता एक गुरुदास पाण्यात गेला. दोन दिवस त्यांनी तिथंच घिरट्या घातल्या. काही हाती लागलं नाही. मग दाजीने गलबत मालवणच्या बंदराबाहेर नांगरलं आणि एकटाच होडीने या खाडीकाठच्या वाडीत आला.

त्याने सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं चुडत अर्धं विणून झालं होतं. ती पुरं होईपर्यंत विणत राहिली. मग म्हणाली, "आणिक कोणाक ठावक आसा?"

"गलबतावरच्या चवघांक."

"त्यांका थयच ठेव. तीन दिस."

"वैनी, ह्या पाप आसा."

"पाप माज्या माथ्यार. तिका आज कळला तर ती आजच रांड. मगे तिची ओटी कोण भरतला? तू?"

घरातून तिच्या गरोदर सुनेचा, रुक्मिणीचा, आवाज आला, "आये, कोण इलाहा?" हौसाबाई म्हणाली, "दाजी इलोहा गो. गुरुदास बरो आसा म्हणता." दाजीने टोपी डोक्यावर घातली, आणि ती इतकी खाली ओढली की त्याचे डोळे दिसेनात.

वाडीतल्या कुठल्याही पहिलटकरणीचं डोहाळजेवण हौसाबाईवाचून झालं नव्हतं. ती विधवा, तेव्हा ओटी भरायचा तिला अधिकार नव्हता. पण बेत सगळा तिचा. वेणी तिच्या हातची, ओटी दुसरीच्या, असं वाडीत ठरूनच गेलं होतं. दोघींचं डोहाळजेवण तिने कधी एकसारखं केलं नाही. महिनाभर आधीपासून ती त्या पोरीच्या मागेपुढे असायची, काही न विचारता. सावित्री नावाच्या पोरीला चोरून माती खाताना तिने पाहिलं, तर तिचं सगळं जेवण नव्या कोऱ्या मडक्यांतून वाढलं. पहिल्या पावसात भिजलेल्या भुईसारखा भाताला वास. दोडामार्गाहून आलेली एक सून माहेरच्या आठवणीने सुकत चालली होती. तिच्यासाठी हौसाबाई दोन दिवस वाट तुडवून तिच्या आईच्या विहिरीचं पाणी कळशीतून घेऊन आली. ती पोर ते पाणी प्याली नाही, नुसता चेहरा कळशीवर धरून बसली. बायका अजून सांगतात.

हे सगळं ती का करायची, ते कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं. तिला सहावा महिना असताना तिचा नवरा तापाने गेला. सातव्यात तिची ओटी भरायची ती राहिली. गुरुदास जन्मला तो दुखवट्याच्या, रडण्याच्या घरात. तो लहानपणी आजारी पडला, झाडावरून पडला, खाडीत बुडता बुडता वाचला, की दर वेळी ती म्हणायची, "बिनओटीचो तो. माजोच गुन्याव." आता तर दर्याने तिचं म्हणणं खरंच करून दाखवलं होतं. दुसरं एक पोर तसंच जन्माला यायला निघालं होतं, आणि डोहाळजेवणाला तीन दिवस होते.

रुक्मिणीच्या डोहाळजेवणाचा बेत गुरुदासनेच जाताना सुचवलेला. रुक्मिणी वालावलची, तिचा बाप तिथे होडी वल्हवायचा. लग्न होऊन इकडे आल्यापासून समुद्राच्या आवाजाने तिला झोप लागत नसे. "आये, तिका होडयेत बसय," तो म्हणाला होता. "पण दर्यात नको. थंड पाण्यात." म्हणून हौसाबाईने खाडीचं एक वळण हेरलं, जिथे भरतीलाही पाणी आरशासारखं राही. होडी रंगवून घेतली. काठावर चुडतांचा माटव घालायचा, बायकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून होडीत बसलेल्या रुक्मिणीची ओटी भरायची, मग माटवात जेवण. सुरंगीच्या कळ्या कुठल्या झाडाच्या आणायच्या, तेसुद्धा ठरलं होतं.

एवढंच की आता तिला कशालाही हात लावता येत नव्हता.

सुतक ऐकल्यापासून धरायचं असतं. तिचा सासरा वारला तेव्हा मुंबईच्या दिराला महिन्याने पत्र मिळालं, आणि त्याने त्या दिवसापासून धरलं. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आधाराला ती धरून होती. रुक्मिणीने ऐकलं नाही, म्हणजे रुक्मिणीला सुतक नाही. तिने ऐकलं, तिला आहे. भटाला विचारायची सोय नव्हती. बातमी ऐकून पुरं केलेलं ते चुडत तिने चुलीत घातलं. मग तीन दिवस ती कशाला शिवली नाही. ना तांदळाला, ना फुलांना, ना रुक्मिणीला. रोज सकाळी ती रुक्मिणीचे केस विंचरायची. ते काम तिने शेजारच्या पार्वतीला सांगितलं.

रुक्मिणीने पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "आये, माजा काय चुकला?"

"काय नाय गो."

"मगे तुमी माका शिवूक नाय कित्याक?"

"हात दुखतत," हौसाबाई म्हणाली, आणि खरंच तिने ते हात पदराखाली घेतले.

डोहाळजेवणाच्या दिवशी ती माटवाच्या खांबाला टेकून बसली आणि तिथूनच सांगत राहिली. सुरंगी ओली करा. नीरफणसाची कापं पातळ नकोत. तिसऱ्यांच्या कालवणात खोबरं कमी घाला, तिला जळजळतं. बायका हसायला लागल्या.

"हौसा आज मामलेदारीण झाली गो!" काशीबाई म्हणाली. काशीबाई वाडीतली सगळ्यात थोरली, ओटी भरायचा पहिला मान तिचा. "बसान हुकूम सोडता!"

"मी म्हातारी झालंय. आता तुमी करूक शिका."

"तीन दिसात म्हातारी झालंस? दाजी तांडेल येवन गेल्यापासून?" पार्वतीने चिमटा काढला आणि सगळा माटव खदखदला. हौसाबाईसुद्धा हसली. तिचं तोंड हसलं, आणि ते परत मिटायला तिला थोडा वेळ लागला.

होडी पाण्यावर हलत होती, न हलल्यासारखी. रुक्मिणी हिरव्या लुगड्यात, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यापासून कंबरेपर्यंत सुरंगीची वेणी. तिचा चेहरा तीन दिवसांत प्रथमच सैल झाला होता. ती हात पाण्यात सोडून बसली होती, बापाच्या होडीत लहानपणी बसत असेल तशी. बायका पाण्यात उतरल्या. काशीबाईने नारळ, तांदूळ, खण तिच्या पदरात घातले. एकेक करत सातजणींनी ओटी भरली. हौसाबाई खांबापाशी बसून मोजत होती. सातवी झाल्यावर तिने डोळे मिटले. झालं होतं. आता संध्याकाळी सांगायचं.

"नाव घे गो!" बायका ओरडल्या. "तो मेलो मुंबयक कौलां मोजीत बसलोहा, तू नाव तरी घे!"

रुक्मिणी लाजली. मग पाण्याकडे बघत म्हणाली,
"वालावलच्या तळ्यात कमळाचा पान,
गुरुदासांचा नाव घेतंय, होडयेत माका मान."

पाण्यावर तिचं हसू दूरपर्यंत गेलं.

तिला उतरवून माटवात आणलं. पानं मांडली होती. बसण्याआधी ती थोरांच्या पाया पडू लागली. काशीबाईच्या, पार्वतीच्या सासूच्या, मग खांबापाशी आली. ओटीचं वजन एका हाताने सावरत ती कष्टाने वाकली. तिच्या मनात काय होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं: रागावली असेल तर आता तरी डोक्यावर हात ठेवील.

हौसाबाईने पाय मागे ओढून घेतले.

तिने ठरवून केलं नाही. एवढं मोठं खोटं तिने तीन दिवस पेललं; पण भरलेल्या ओटीला सुतकाचा स्पर्श होऊ देणं तिच्याच्याने झालं नाही. गप्प राहून पाय पुढे केले असते तर कुणाला कळतं?

काशीबाईच्या हातातली पळी थांबली. सासू पाय ओढून घेते ते केव्हा, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. हौसाबाईचा विटाळ जाऊन दहा वर्षं झाली होती. उरलं एकच.

"हौसा," काशीबाई हळू म्हणाली, "कोणाचा?"

खाडीपलीकडे दाजी तांडेल उभा होता. बायकांनी तिकडे पाहिलं तसा तो पाठमोरा झाला.

रुक्मिणी अजून वाकलेलीच होती. ती सावकाश उभी राहिली. ओटीतला नारळ घरंगळून वाळूत पडला. "आये," ती म्हणाली, "तुमका ठावक होता? मी हसत होतंय तेवा तुमका ठावक होता?"

हौसाबाईने वाळूत पडलेल्या नारळाकडे पाहिलं.

रुक्मिणीने दोन्ही मनगटं वर उचलली आणि खांबावर आपटणार, तेवढ्यात हौसाबाई उठली आणि तिने ती धरली. तीन दिवसांत पहिल्यांदा. घट्ट धरली, बांगड्यांवरून, एकही काच न वाजू देता. दोघी तशाच उभ्या राहिल्या. त्या दोघींमध्ये ते पोट होतं.

मग हौसाबाईची बोटं एकेक करून सुटली. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांना सुरंगीचा पिवळा रंग लागला होता. ती वळली, मांडलेल्या पानांमधून कशालाही पदर न लागू देता चालत गेली, आणि माटवाबाहेर पडली.